ऑगस्टचे बाळ, जुलैचे बाळ

बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही. पण आकड्यांचे वेड म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर या खेळाच्या चाहत्यांकडे पाहावे. अमेरिकेत संघागणिक वाढदिवसांच्या याद्या ठेवल्या जातात. आज संघातल्या कोणत्या होतकरू पोराला एकोणिसावे लागले आणि कोणत्या निवृत्त खेळाडूने सत्तरी गाठली, याची नोंद चाहते रोज घेतात. न्यूयॉर्क यँकीजसारख्या शंभराहून अधिक वर्षे जुन्या संघाच्या यादीत तर रिकामा दिवस सापडणे कठीण. ६ फेब्रुवारीला बेब रूथ, दुसऱ्याच दिवशी जॅसन डोमिंगेझ. २ जूनला जॉर्ज लोम्बार्ड ज्युनियर, १९ जूनला लू गेरिग, २६ जूनला डेरेक जीटर, २७ जुलैला अॅलेक्स रॉड्रिगेझ.

वरवर पाहता हा रिकामटेकडा छंद वाटतो. पण मुलांची वाढ, खेळ आणि आरोग्य यांच्याशी ज्यांचा संबंध येतो, त्यांनी या यादीकडे जरा थांबून पाहावे. मूल कधी जन्मले यावर त्याला मैदानावर किती संधी मिळेल, हे मोठ्या प्रमाणात ठरत असते. ते ठरवणारे ग्रह-तारे नव्हेत. ते ठरवते आपण मोठ्यांनी दिनदर्शिकेवर मारलेली एक रेघ.

अमेरिकेत शाळेबाहेरच्या मुलांच्या बेसबॉलमध्ये अनेक दशके ही रेघ ३१ जुलैला होती. वयोगट ठरवताना १ ऑगस्ट ते पुढच्या वर्षीचा ३१ जुलै असे बारा महिने एकत्र धरले जात. म्हणजे १ ऑगस्टला जन्मलेला मुलगा आपल्या गटात सर्वांत मोठा आणि ३१ जुलैला जन्मलेला सर्वांत लहान. दोघांत जवळपास वर्षाचे अंतर, पण स्पर्धा एकच. ग्रेग स्पायरा या बेसबॉल-अभ्यासकाने २००८ मध्ये ‘स्लेट’ या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. १९५०पासून अमेरिकेत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या बाळाची मेजर लीगपर्यंत, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीपर्यंत, पोहोचण्याची शक्यता जुलैमध्ये जन्मलेल्या बाळापेक्षा ५० ते ६० टक्क्यांनी जास्त होती.

हे घडते कसे? आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने बारा महिने म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा. तेवढ्या काळात उंची वाढते, मनगटात जोर येतो, डोळा आणि हात यांचा मेळ बसतो, सूचना ऐकून त्याप्रमाणे वागण्याइतकी एकाग्रता येते. प्रशिक्षकाला समोर दोन मुले दिसतात. एक चेंडू लांब फेकतो, दुसऱ्याचा मध्येच पडतो. प्रशिक्षक पहिल्याला निवडतो आणि त्याच्या मते तो गुणवत्ता निवडत असतो. प्रत्यक्षात त्याने बऱ्याच अंशी वय निवडलेले असते. मग निवडलेल्याला जास्त सामने, चांगले मार्गदर्शन आणि कडवे प्रतिस्पर्धी मिळतात. वगळलेला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो आणि दोन-तीन वर्षांत खेळ सोडून देतो. विशीत पोहोचेपर्यंत जन्माचे महिने बिनमहत्त्वाचे झालेले असतात, पण मधल्या दहा वर्षांत जमा झालेला फरक खराखुरा असतो. तेव्हा प्रशिक्षकाला आपली पारख बरोबरच होती असे वाटते.

शास्त्रज्ञ याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंबाबत हे दाखवून दिले. तिथे वयाची रेघ १ जानेवारीला होती आणि संघ जानेवारी ते मार्चच्या वाढदिवसांनी भरलेले होते. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर तिथल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एप्रिल ते जूनमध्ये जन्मलेल्यांचे पारडे जड आहे. बेल्जियमच्या फुटबॉलमध्ये १९९७ मध्ये ही रेघ १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली गेली, तेव्हा निवडल्या जाणाऱ्या मुलांचे वाढदिवसही तिच्यामागोमाग वर्षाच्या सुरुवातीकडे सरकले. देशातल्या मुलांची गुणवत्ता काही एका वर्षात पाच महिने पुढे गेली नव्हती.

आपल्याकडे जन्मवेळ, रास आणि नक्षत्र यांचे प्रस्थ मोठे. ऑगस्टची मुले बेसबॉलमध्ये पुढे जातात म्हटल्यावर ‘सिंह राशीचा प्रभाव’ म्हणणारे निघतीलच. त्यांनी अमेरिकेतल्याच वर्गाकडे नजर टाकावी. तिथल्या अनेक राज्यांत शाळाप्रवेशासाठी वयाची रेघ १ सप्टेंबरला आहे. म्हणजे मैदानावर सर्वांत मोठा ठरणारा ऑगस्टचा मुलगा वर्गात सर्वांत लहान ठरतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा मुलांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या राज्यांत १ सप्टेंबरची रेघ आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना एडीएचडी, म्हणजे अवधान-अभाव आणि अतिचंचलता, असे निदान मिळण्याचे प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त होते. जिथे अशी रेघ नाही, तिथे ऑगस्ट आणि सप्टेंबर यांत असा फरक आढळला नाही.

महिना तोच, तरी मैदानावर हे मूल ‘उपजत खेळाडू’ ठरते आणि वर्गात ‘चंचल’. एका ठिकाणी त्याच्या गळ्यात पदक पडते, दुसऱ्या ठिकाणी हातात औषधाची चिठ्ठी. त्याच्या शरीरात किंवा मेंदूत काहीही बदललेले नसते, बदलते ती फक्त तुलना. माझ्या मते या विषयाचे सार याच एका गोष्टीत आहे. मूल मागे आहे असे म्हणण्याआधी ते कोणाच्या मागे आहे, हे विचारायला हवे.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धाच हिशेब झाला, कारण जन्मतारीख अचूक असली तरी ती शरीराचे वय सांगत नाही. मुलग्यांमध्ये वयात येण्याची सुरुवात ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान कधीही होऊ शकते आणि हे सगळे नैसर्गिकच असते. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण कोणाला तो बाराव्या वर्षी गाठतो तर कोणाला सोळाव्या. त्यामुळे एकाच दिवशी जन्मलेल्या तेरा वर्षांच्या दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय काढता येते. या दोन मुलांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर निघू शकते. एकाच गटात खेळवले तर पहिला दुसऱ्याला सहज मागे टाकेल. वीस वर्षांचे झाल्यावर काय होईल, हे मात्र त्यावरून सांगता येणार नाही.

याचा थेट संबंध दुखापतींशी आहे. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो, तिथूनच हाड लांब होते. हा थर आजूबाजूच्या हाडापेक्षा नाजूक असतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला, म्हणजे पिचरला, कोपरावर प्रचंड ताण द्यावा लागतो. लहान वयात तो अती झाला की कोपराच्या आतल्या बाजूचा हा थर दुखावतो. या दुखण्याला डॉक्टरांनी ‘लिटल लीगर्स एल्बो’ असे मुलांच्या लीगचेच नाव दिले आहे. म्हणून २००७ पासून लिटल लीगमध्ये एका दिवसात किती चेंडू टाकायचे, याची वयानुसार मर्यादा घातली गेली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ७५, अकरा-बारा वर्षांच्याला ८५. नियम चांगलाच आहे. पण तोही कागदावरचे वय पाहतो. ज्या बारा वर्षांच्या मुलाची हाडे दहाचीच आहेत, त्याच्या कोपराला ८५ चेंडूच सोसायचे असतात.

आता यादीतल्या नावांकडे वळू, कारण एखादा चाणाक्ष वाचक विचारील की जीटर आणि रॉड्रिगेझ यांचे काय? एक २६ जूनचा, दुसरा तर २७ जुलैचा, रेघेच्या अवघे चार दिवस अलीकडचा. हे दोघे अमेरिकेत जन्मले आणि यँकीजचे नामांकित खेळाडू झाले. याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिले असे की, हा परिणाम हजारोंच्या गर्दीत दिसतो, एका माणसाचे भविष्य तो सांगत नाही. पावसाळ्यातही एखादा दिवस कोरडा जातो, म्हणून पावसाळा खोटा ठरत नाही. दुसरे असे की, गटात लहान असूनही जे टिकतात, ते पुढे मोठ्यांच्या तोडीस तोड किंवा सरस निघतात, असे निरनिराळ्या खेळांतल्या अभ्यासांत दिसले आहे. ताकद कमी पडत असल्याने त्यांना तंत्र आणि डोके वापरावे लागते. पण यावरून ‘जो खरा असेल तो टिकेलच’ असा निष्कर्ष काढणे क्रूरपणाचे होईल. आपल्याला टिकलेले दिसतात. बाकावर बसून घरी गेलेल्यांचे वाढदिवस कोणत्याच यादीत नसतात.

जिथे जन्मतारखेवर एवढे अवलंबून असते, तिथे जन्मतारखेशी खेळ होणारच. मेजर लीगच्या संघांना डॉमिनिकन प्रजासत्ताकासारख्या देशांतली मुले सोळाव्या वर्षापासून करारबद्ध करता येतात. डोमिंगेझला यँकीजने २०१९ मध्ये सोळाव्या वर्षी ५१ लाख डॉलर देऊन घेतले. तोच खेळ विसाव्या वर्षी दाखवणाऱ्याला त्याचा छोटासा अंशही मिळत नाही, कारण संघ आजच्या खेळाचे नव्हे तर उरलेल्या वाढीचे पैसे मोजत असतो. गरीब घरातल्या मुलाला आणि त्याच्या दलालाला हे गणित लगेच कळते. २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने सोळा वर्षांचा म्हणून एका डॉमिनिकन मुलाला १४ लाख डॉलर दिले. २००९ मध्ये उघड झाले की तो चार वर्षांनी मोठा होता आणि त्याचे नावही वेगळेच होते.

यँकीजच्या घरच्या भागात, ब्रॉन्क्समध्ये, २००१ मध्ये याहून गाजलेले प्रकरण घडले. लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत तिथल्या एका डावखुऱ्या पिचरने एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देता सामना जिंकला. मर्यादा बारा वर्षांची होती, मुलगा चौदाचा निघाला. संघाचे सगळे विजय रद्द झाले. तेव्हा चर्चा फसवणुकीची झाली. आरोग्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळा होता. बारा वर्षांच्या मुलांना चौदा वर्षांच्याने टाकलेले चेंडू झेलावे लागत होते. शिवाय चौदा वर्षांच्या एका मुलावर मोठ्यांनी असे खोटे लादले होते, ज्याचे ओझे पुढे त्यालाच वाहायचे होते.

मोठ्यांच्याही जन्मतारखा बदलल्या आहेत. क्यूबातून आलेला ऑर्लँडो हर्नांडेझ १९९८ मध्ये यँकीजकडे आला तेव्हा त्याचे जन्मवर्ष १९६९ सांगितले गेले होते. पुढे त्याच्या घटस्फोटाच्या कागदपत्रांतून ते १९६५ असल्याचे कळले. तरी त्याने संघाला सलग तीन विजेतेपदे मिळवून देण्यात वाटा उचलला. आणि बेब रूथ? चाळिशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत आपला जन्म ७ फेब्रुवारी १८९४चा आहे, असेच त्याला वाटत होते. १९३४ मध्ये जपान दौऱ्यासाठी पारपत्र काढताना जन्मदाखला हाती आला, त्यावर ६ फेब्रुवारी १८९५ होते. माणूस एका दिवसात वर्षाने तरुण झाला.

मराठी वाचकाला याचे फार नवल वाटू नये. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये उघडत, वडील बोटाला धरून पोराला घेऊन जात, तारीख कोणालाच ठाऊक नसे आणि गुरुजी अंदाजाने १ जून लिहून मोकळे होत. त्या तारखेवरच नोकरी लागली, त्याच तारखेला निवृत्ती आली. तो भोळा काळ होता. आता घरोघरी जन्मदाखले आहेत, तर वयोगटाच्या स्पर्धेसाठी दाखल्यावरचे वय कमी करण्याची युक्ती आली. ती पकडण्यासाठी क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढते. त्यासाठी टॅनर-व्हाइटहाउस नावाची, टीडब्ल्यू-३ या संक्षेपाने ओळखली जाणारी पद्धत वापरली जाते. फुटबॉलमध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी २००९ पासून मनगटाचा एमआरआय काढला जातो.

या चाचण्यांचा धाक उपयोगी आहे, पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा करू नये. हाडांचे वय म्हणजे जन्माचे वय नव्हे. लवकर वयात आलेल्या प्रामाणिक मुलाची हाडे पंधराव्या वर्षी सतराची दिसू शकतात आणि तो नाहक बाद ठरू शकतो. उशिरा वाढणाऱ्या लबाडाची चूक लपूही शकते. माझा आक्षेप चाचणीला नाही, तिच्या एकांगी वापराला आहे. चोर पकडायला आपण एक्स-रे काढतो. पण उशिरा वाढणाऱ्या मुलाला ‘थांब, तुझी वाढ अजून व्हायची आहे’ हे सांगायला तीच माहिती कोणी वापरत नाही.

त्यासाठी दरवेळी एक्स-रेचीही गरज नाही. दर तीन-चार महिन्यांनी उंची आणि वजन नोंदवून ते भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये अद्ययावत केलेल्या वाढीच्या तक्त्यावर मांडले आणि आईवडिलांची उंची पाहिली, तरी मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा बराच अंदाज येतो. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादमींनी वर्षाच्या काही सामन्यांत मुलांचे गट जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार पाडून पाहिले आहेत. त्यात थोराड मुलांना पहिल्यांदाच केवळ ताकदीवर जिंकता आले नाही आणि लहान चणीच्या मुलांना आपले कसब दाखवायला जागा मिळाली. आपल्या जिल्हा संघटनांना हे परवडणारे आहे. लागते ती एक उंची मोजायची पट्टी, एक वही आणि थोडा धीर.

वाढदिवसांच्या यादीतला दुसरा भाग माजी खेळाडूंचा. तिथेही हाच धडा मिळतो. सलग २,१३० सामने खेळलेल्या लू गेरिगचे शरीर अचानक साथ देईनासे झाले. मेयो क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या आणि १९ जून १९३९ला, नेमक्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्याला एएलएस या चेतातंतूंच्या असाध्य आजाराचे निदान मिळाले. अडतिसावा वाढदिवस त्याने पाहिला नाही. उलट टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा फाटलेला अस्थिबंध १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवून दुरुस्त केला आणि तो पुढे यँकीजकडून खेळत १९८९ मध्ये, ४६व्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी ती शस्त्रक्रिया आता शाळकरी मुलांवरही करावी लागते, हे त्या यशाचे दुखरे टोक आहे.

माजी खेळाडू दीर्घायुषी असतात का, यावरही अभ्यास झाला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेजर लीगच्या दहा हजारांहून अधिक खेळाडूंची तुलना अमेरिकेतल्या सर्वसामान्य पुरुषांशी केली होती. खेळाडूंमधला मृत्युदर २४ टक्क्यांनी कमी आढळला. यावरून बेसबॉल खेळल्याने आयुष्य वाढते, असे म्हणायला मन धजावते. पण इथेही निवड आधीच झालेली असते. जे मुळात धडधाकट होते, तेच तिथवर पोहोचले.

म्हणून पालकांना आणि प्रशिक्षकांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. चौदा वर्षांच्या आत कोणालाही ‘यात दम नाही’ असे सांगून खेळातून काढू नका. निवडीच्या तक्त्यावर नावापुढे जन्माचा महिना आणि उंची लिहा, म्हणजे निवडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते राहील. वाढीच्या झपाट्यात असलेल्या मुलाचा सराव कमी करा. तेव्हा तो पूर्वीपेक्षा ओबडधोबड खेळत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका, कारण लांबलेल्या हातापायांची सवय व्हायला वेळ लागतो. आणि दाखल्यावरची तारीख बदलू नका. तुमच्या मुलाला मिळालेले ते एक वर्ष दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाचे हिसकावलेले असते.

शाळांनाही हेच लागू आहे. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांपासून पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणे धरले जाते. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असू शकतात. असे मूल एका जागी बसत नाही किंवा अक्षर गिचमिड काढते, अशी तक्रार आली, तर बाईंनी आणि डॉक्टरांनी सर्वांत आधी हजेरीपटावरची जन्मतारीख पाहावी. एडीएचडी हा खरा आजार आहे, त्यावर उपचारही व्हायलाच हवेत. पण कोवळेपणा हा आजार नाही.

रेघ कुठेतरी मारावीच लागते, हे मान्य. लिटल लीगनेही ३१ जुलैची तारीख पुढे बदलली. पण तारीख बदलून अन्याय संपत नाही, तो दुसऱ्या महिन्यात जन्मलेल्यांच्या वाट्याला जातो. रेघ मारणाऱ्यांनी तिची आठवण ठेवणे एवढाच उपाय उरतो. तुमच्या तालुक्याचा किंवा शाळेचा चौदा वर्षांखालचा संघ जाहीर होईल तेव्हा एक काम करा. निवडलेल्या मुलांचे वाढदिवस कागदावर महिन्यांप्रमाणे मांडा. रेघेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतच निम्मी मुले सापडली, तर न निवडलेल्यांची यादी मागवा आणि त्यांना आणखी एकदा मैदानावर बोलवा.